देवघेव रजिस्टरातले अकरा दिवस

ग्रंथपालाच्या नोकरीत काही धोका असेल असं बाहेरच्या माणसाला वाटत नाही, आणि निवृत्त होईपर्यंत मलाही वाटलं नव्हतं. पुस्तक द्यायचं, पुस्तक घ्यायचं, मधल्या वेळात एकाच वर्तमानपत्रासाठी ताटकळलेल्या दोन पेन्शनरांची समजूत घालायची, इतकाच तो व्यवहार. पण गेल्या वर्षी एकाच आठवड्यात दोन वेगळ्या गाड्यांतून दोन वेगळी माणसं माझ्या बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या घरी आली. एक माणूस पन्नास वर्षांपूर्वी वाचू शकत होता की नाही, याचा दाखला दोघांनाही माझ्याकडून हवा होता. त्या माणसाचं नाव मल्लाप्पा. आज लोक त्याला आप्पाजी म्हणतात आणि त्याच्या तसबिरीसमोर डोळे मिटून बसतात. मी त्याला ओळखत होतो तेव्हा त्याच्या सायकलला ब्रेक नव्हता.

पुढचं सांगण्याआधी आमच्या कामातली एक गोष्ट उलगडून सांगायला हवी.

मी निपाणीच्या एका जुन्या वाचनालयात लागलो तेव्हा बाविशीत होतो. आमच्या टेबलावर एक जाडजूड वही असे. तिला देवघेव रजिस्टर म्हणत. तिच्यात प्रत्येक सभासदाची वेगळी पानं, आणि पानांवर रकाने आखलेले: तारीख, पुस्तकाचा क्रमांक, पुस्तकाचं नाव, परत आल्याची तारीख आणि शेवटी सही. कोणतं पुस्तक कोणाकडे आहे हे कळावं, एवढाच तिचा उपयोग. पण लिहिलेल्या गोष्टीवर माणूस फार लवकर विश्वास ठेवतो. रजिस्टरात ज्याचं नाव त्याने ते पुस्तक वाचलं, असं सगळे धरून चालतात. पहिलं दीड वर्ष मीही धरून चाललो.

एक निवृत्त फौजदार दर सोमवारी यायचे. भरघोस मिशा, हातात वेताची काठी. रजिस्टरप्रमाणे त्यांनी आमच्याकडच्या जवळजवळ सगळ्या कौटुंबिक कादंबऱ्या संपवल्या होत्या. सासुरवास, ताटातूट, पुनर्मीलन यांतलं त्यांनी काही सोडलं नव्हतं. मला त्यांच्याविषयी फार आदर वाटू लागला होता. एकदा धीर करून विचारलं, “शेवट कसा वाटला, साहेब?”

ते म्हणाले, “थांबा, सूनबाईला विचारून सांगतो.”

त्या दिवसापासून मी परत आलेली पुस्तकं हुंगायला लागलो. बायका तेव्हा आमच्या वाचनालयाची पायरी चढत नसत. पुस्तकं पुरुषांच्या नावावर घरी जात आणि पानांना फोडणीचा, खोबरेल तेलाचा, क्वचित बाळंतशेपांचा वास घेऊन परत येत. पुस्तक कोणी उचलून नेलं, ते रजिस्टरात असतं. कोणी वाचलं, ते नसतं. ग्रंथपालाला हे ठाऊक असतं. त्याला ते कोणी विचारत नाही.

मल्लाप्पा एका विडी कारखान्यात हमाली करायचा. सकाळी टेंभुर्णीची पानं आणि तंबाखू सायकलवर लादून वस्तीवर पोचवायचा, संध्याकाळी बायकांनी वळलेल्या विड्या गोळा करून कारखान्यात न्यायचा. एके दिवशी तो सभासद व्हायला आला. हातात चिठ्ठी होती. चिठ्ठीवर एका कादंबरीचं नाव.

“इथे सही करा,” मी म्हणालो.

“सही न्हाय येत. आंगठा देतो.”

“वाचता येतं का?”

“तुमच्या नियमात हाय का तसं?”

मी नियमावली उघडून पाहिली. सभासदाने पानं दुमडू नयेत, जोरात बोलू नये, भिंतीला थुंकी लावू नये, असं बरंच काही होतं. सभासदाला वाचता यावं असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी शिक्क्याची गादी पुढे सरकवली. मल्लाप्पाने जांभळा अंगठा उठवला आणि बोट धोतराला पुसलं.

मग तो दर चार-पाच दिवसांनी येऊ लागला. प्रत्येक वेळी नवी चिठ्ठी, गोल, ठसठशीत अक्षरातली. कधी नुसतं पुस्तकाचं नाव असे, कधी तक्रार: “मधली आठ पाने नाहीत. कोणी फाडली ते शोधावे.” कधी सूचना: “रहस्यकथा पुरे. माणसांची गोष्ट पाठवावी.” मी चिठ्ठीच्या पाठीमागे उत्तर लिहू लागलो. मल्लाप्पा दोन्ही बाजूंचा मजकूर न वाचता इमानदारीने पोचवायचा. मी एकदा मुद्दाम विचारलं, “कसं आहे हे पुस्तक?”

“अजून तिथवर आलो न्हाय,” तो म्हणाला. “काल निस्तं तिचा नवरा परत आलता. तिनं दार उघडलं का न्हाय ते आज कळंल.”

त्या चिठ्ठ्या लिहिणारी मुलगी पुढे माझी बायको झाली. तिचं नाव कमळा. ती गेली त्याला आता दीड वर्ष झालं.

घरी आलेल्या त्या दोन माणसांकडे वळतो. मल्लाप्पाने काढलेल्या पंथाचं नाव मौनसभा. त्यात पोथी नाही, आरती नाही, नैवेद्य नाही. लोक गोल करून जमिनीवर बसतात, तासभर कोणी बोलत नाही, आणि सगळ्यांचे हात मांडीवर सावकाश हलत राहतात. डावा पंजा उघडा, उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं त्याच्यावर काहीतरी गुंडाळल्यासारखी फिरतात, मग तर्जनीच्या नखाने टोक दुमडल्यासारखं करायचं, आणि शेवटी हवेतच दोन वेढे. याला ते करजप म्हणतात. डावा पंजा म्हणजे पृथ्वी, अंगठा म्हणजे जीव, दुमडणं म्हणजे वासनेचं तोंड बंद करणं, असं त्याचं विवरण एका पुस्तिकेत आहे. सभेत तंबाखूला सक्त मनाई आहे.

मल्लाप्पा वारल्यावर सभेच्या दोन शाखा झाल्या. बेळगाव शाखेत प्राध्यापक, वकील, बँकेतले लोक. त्यांच्या मते आप्पाजींनी तरुणपणी प्रचंड वाचन केलं आणि मग वाचनाच्या पलीकडे गेले. निपाणी शाखेच्या मते आप्पाजींना एक अक्षर येत नव्हतं. गुंजीच्या जंगलात अकरा दिवस एकट्याने बसल्यावर त्यांना जे मिळालं, ते अक्षरावाचून मिळालं. पुढच्या प्रसंगावर मात्र दोन्ही शाखांचं एकमत होतं. गुंजीहून परतल्यावर आप्पाजी एका विड्यांच्या शेडात शिरले. त्यांच्या चेहऱ्यावरचं तेज पाहून तिथल्या कष्टकरी बायका आपोआप गप्प झाल्या. आप्पाजी त्यांच्यासमोर बसले आणि त्यांचे हात आपोआप हलू लागले. हे प्रथम मौन. त्याला पन्नास वर्षं होत आली म्हणून दोन्ही शाखांनी मिळून एक इतिहास छापायचं ठरवलं होतं, आणि इतिहास म्हटला की पुरावा आला.

पुरावा माझ्या कपाटात होता. वाचनालय नव्या इमारतीत गेलं तेव्हा जुनी रजिस्टरं निर्लेखनात काढली. निर्लेखन म्हणजे हे पुस्तक मेलं असं कागदोपत्री मान्य करणं. त्यानंतर ते रद्दीत जातं. मी त्यातली चार रजिस्टरं घरी आणली होती. कारण कोणी विचारलं नाही, आणि सांगण्यासारखं नव्हतंही.

आधी आले ते बेळगाव शाखेचे एक निवृत्त प्राचार्य. स्वच्छ, मृदू, प्रत्येक वाक्य तोलून बोलणारे. रजिस्टर उघडताच त्यांनी पुस्तकांच्या नावांच्या रकान्यावरून बोट फिरवलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

“दोन वर्षांत एवढी पुस्तकं,” ते म्हणाले. “हमाली करून. आम्ही हेच तर सांगतोय.”

“शेवटच्या रकान्यात अंगठे आहेत, सर,” मी म्हणालो.

“ती त्यांची विनम्रता.”

तीन दिवसांनी निपाणीहून म्हादूअण्णा आले. तिथल्या शाखेचे कारभारी, पूर्वीचे ट्रॅक्टर मेकॅनिक. त्यांनी तेच पान उघडलं, शेवटचा रकाना पाहिला आणि उभं राहून नमस्कार केला.

“आप्पाजींचा आंगठा,” ते म्हणाले. “एक न्हाय, किती हैत बघा. सर, ह्यो रकाना तेवढा आमास्नी द्या.”

“रकाना कसा देणार, अण्णा? त्याच पानावर पुस्तकांची नावं आहेत.”

“ती बेळगाववाल्यास्नी द्या. कात्री हाय का घरात?”

ते गंमत करत नव्हते. मला मात्र पहिल्यांदाच कळलं की एकच पान मधोमध कापलं तर त्यातून दोन धर्म निघू शकतात. कात्री सापडत नाही असं सांगून मी त्यांना चहा दिला.

दोघांनाही मी खरं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण कमळाला जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते, आणि खरं सांगायचं तर तिच्याविषयी बोलावं लागलं असतं.

कमळाने मला लग्नानंतर जे सांगितलं ते असं. त्या शेडात दहा-बारा बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायच्या. हात चालतात, पण डोकं रिकामं राहतं, म्हणून पूर्वी गाणी व्हायची, भांडणं व्हायची. कमळा त्यांच्यात एकटी सातवी शिकलेली. एकदा तिने पुडीच्या कागदावरची अर्धवट गोष्ट वाचून दाखवली. बायकांना पुढचं हवं झालं. मग ठरलं, कमळाने विड्या वळायच्या नाहीत, नुसतं वाचायचं, आणि प्रत्येकीने आपल्यातल्या मूठभर विड्या तिच्या सुपात टाकायच्या, म्हणजे संध्याकाळी तिचंही काम भरायचं. पुस्तक आणायचं काम मल्लाप्पाकडे. त्याच्या बदल्यात त्याला दारात बसून ऐकायची मुभा होती. तो संध्याकाळी लवकर यायचा, सायकल लावायचा आणि उंबऱ्यावर बसून राहायचा. ते दोन वर्षांचं प्रचंड वाचन ते हेच.

मग दोन भागांची एक कादंबरी सुरू झाली. पहिल्या भागाच्या शेवटी नायिका घर सोडते आणि रेल्वे स्टेशनवर येऊन बसते. दुसरा भाग मल्लाप्पाने माझ्याकडून नेला, पिशवीत टाकला, आणि शेडाकडे न जाता थेट गुंजीला गेला. तिथे त्याची बहीण होती, आणि तिच्या घराची कौलं उतरवून पुन्हा लावायची होती. तो अकरा दिवस आला नाही. पुस्तक त्याच्या पिशवीत. नायिका स्टेशनवर. बायका शेडात.

बाराव्या दिवशी तो पुस्तक घेऊन दारात उभा राहिला तेव्हा त्याच्याशी कोणी बोललं नाही. बायकांनी सकाळीच ठरवलं होतं. चकार शब्द काढायचा नाही, त्याच्याकडे बघायचं नाही, पुस्तक हातात घ्यायचं नाही. नुसतं काम करायचं.

“अबोला म्हण की,” मी कमळाला म्हणालो होतो.

“अबोलाच. गंगाक्कानं तर त्याच्याकडं पाठ करून सूप घेतलं.”

“आणि तो?”

“तो बसला. त्याला वाटलं जरा वेळानं आम्ही हसू. आम्ही हसलो नाही. मग तो आमच्या हाताकडं बघत बसला. संध्याकाळपर्यंत बसला. त्याचे पण हात हलायला लागले, नुसतेच, पान नाही, तंबाखू नाही. उठताना म्हणाला, ‘एवढं शांत मला जन्मात वाटलं न्हवतं.’ आणि दुसऱ्या दिवशी आला ते हात जोडून. म्हणाला, ‘आक्कानू, आज पण वाचू नगासा.’”

बायकांना आधी हसू आलं. पण चार दिवसांनी मल्लाप्पाने दोन मित्र आणले, आठवड्याने गल्लीतली आणखी माणसं आली. बाहेरची माणसं आपल्यासमोर हात जोडून बसतात हे बायकांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना ते आवडलं, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. शेडातलं वाचन बंद झालं ते कायमचं. कमळाच्या सुपात मूठभर विड्या टाकायचं कोणाला कारण उरलं नाही.

पुढच्या सोमवारी आमच्या वाचनालयाची पायरी चढून एक मुलगी आत आली. सगळे पेन्शनर वर्तमानपत्र खाली करून बघू लागले. ती टेबलापाशी येऊन म्हणाली, “दुसरा भाग परत आलाय का? ती स्टेशनवर बसलीय.” आजवर चिठ्ठ्यांतलं अक्षरच ओळखीचं होतं, आवाज पहिल्यांदा ऐकला. मी तिला सभासद करून घेतलं. रजिस्टरात बाईचं नाव असलेलं आमच्याकडचं ते पहिलं पान. म्हणजे माझं लग्न मौनसभेच्या कृपेने झालं, हे मी कधी नाकारलेलं नाही.

मल्लाप्पा लबाड होता असं मात्र मला म्हणायचं नाही. गुंजीला तो जंगलात बसला नव्हता, छपरावर बसला होता. पण छपरावर बसूनही माणसाला काही दिसू शकतं. कमळा गेल्यावर एकदा मी बेळगावच्या सभेत जाऊन बसलो, कोणाला न सांगता. तीस-चाळीस माणसं गोल करून बसली होती. एक वकील, एक दाताचे डॉक्टर, दोन शिक्षिका, सगळे मन लावून नसलेल्या विड्या वळत होते. कमळाही टीव्ही बघताना अशीच बोटं हलवायची. डोळे मालिकेवर, आणि बोटं मांडीवर पान गुंडाळतायत, दोरा बांधतायत. त्या तासाभरात माझ्या आजूबाजूला तिचे तीस-चाळीस हात होते. मला शांत वाटलं. ते मी नाकबूल कसं करू?

शेवटी दोन्ही शाखांची बैठक निपाणीच्या सभागृहात ठरली आणि मला निवेदन द्यायला बोलावलं. मी रजिस्टर कापडात बांधलं आणि सकाळच्या बसने निघालो. संकेश्वर येईपर्यंत मनात वाक्यं जुळवत होतो.

मी सगळं सांगितलं. शेड, वाचन, कौलं, अबोला. सांगताना कोणी मध्ये बोललं नाही. गप्प बसण्यात त्या लोकांचा हात कोण धरणार? मी संपवलं तेव्हा प्राचार्य हळूच म्हणाले, “फारच हृद्य आठवण आहे. पण सर, अबोला हा शब्द आपण आत्ता वापरतो आहोत. त्या क्षणाचं नाव त्या भगिनींना तरी माहीत होतं का?”

“होतं,” मी म्हणालो. “त्यांनी सकाळीच ठरवलं होतं.”

“अंतःप्रेरणेने,” प्राचार्य म्हणाले.

म्हादूअण्णांनी गंगाक्काला बोलावलं. त्या शेडातली ती आता एकटीच उरली होती. नव्वदीच्या आसपास, पाठ कमानीसारखी वाकलेली. नवरा नाही, मूल नाही. आद्य श्रोती म्हणून सभेने तिला मागची खोली दिली होती, दोन वेळचं जेवण होतं, आणि उत्सवाला लोक तिच्या पाया पडत. तिला खुर्चीत बसवलं.

“आक्का,” म्हादूअण्णांनी विचारलं, “आप्पाजी गुंजीसनं आलते तवा तुमी सगळ्या गप बसलासा, व्हय?”

“व्हय. गप बसलो.”

“का बसलासा?”

गंगाक्काने माझ्याकडे पाहिलं, मग म्हादूअण्णांकडे, मग तसबिरीकडे.

“आता का म्हून सांगू,” ती म्हणाली. “बसावं वाटलं.”

प्राचार्यांनी ते वाक्य लिहून घेतलं. नंतर मी मागच्या व्हरांड्यात तिच्याजवळ जाऊन बसलो तेव्हा ती पदराने तोंड झाकून हसत होती.

“लई राग आलता रं अण्णा त्येचा,” ती कुजबुजली. “माझ्या तर डोळ्यासमोर ती बाई टेसनावर उपाशी बसल्याली. पर आता ह्या वयात खरं बोलून मी जाऊ कुठं? तू सांगितलंस, बास झालं. कमळी असती तर तिनं सगळ्यांच्या म्होरं झाडलं असतं.”

पंधरा दिवसांनी दोन्ही शाखांचा समझोता झाल्याचा निरोप आला. आप्पाजींना वाचता येत होतं, पण त्यांनी ते कधी प्रकट केलं नाही, असं एकमताने ठरलं होतं. अंगठे आणि पुस्तकांची नावं एकाच काचेखाली शेजारी राहतील. आणि माझ्या निवेदनाचा मान राखून कमळाला इतिहासात जागा मिळणार होती. पहिली शिष्या. तिची तसबीर सभागृहात आप्पाजींच्या उजव्या हाताला लागेल, रोज ताजी फुलं, वर्षातून एकदा तिच्या नावाने सभा. प्राचार्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण आम्हाला मूलबाळ नाही. मी गेल्यावर तिचं नाव घेणारं कोणी नाही. हे वाक्य मनात किती वेळा येऊन गेलं ते मोजलं नाही. मी कपाटातून तिचा एक फोटो काढला, चष्मा लावलेला, जरा बाजूला बघणारा, आणि बेळगावच्या बाजारातून चौकट करून आणली. शिष्या तर शिष्या, असं स्वतःला सांगितलं. दुकानदाराने विचारलं, “हार घालायला हूक लावू का?” मी म्हणालो, “लावा.”

फोटो आणि रजिस्टर पिशवीत घेऊन मी मसुद्याच्या शेवटच्या वाचनाला निपाणीला गेलो. प्राचार्य वाचत होते. त्यांची भाषा चांगली आहे. कमळाचा परिच्छेद आला: “कमळाबाईंनी आप्पाजींच्या मुखावरील शांती पाहिली, हातातील पुस्तक कायमचे मिटले आणि मौनाचा स्वीकार केला.”

“एक मिनिट, सर,” मी म्हणालो. “तिने पुस्तक मिटलं नाही.”

“म्हणजे प्रतीकात्मक...”

“ती पुढच्या सोमवारी दुसरा भाग न्यायला आली. मी स्वतः दिला. रजिस्टरात आहे, हे पाहा, तारीख आहे, तिची सही आहे. त्यानंतर ती शेवटच्या आजारापर्यंत वाचत होती. दवाखान्यात मी वाचून दाखवायचो तर माझी वाचायची पद्धत चुकते म्हणायची.”

“पण इतिहासात त्यांची भूमिका...” प्राचार्य थांबले. “पुस्तक मिटलं नाही तर त्या शिष्या कशा होतील, सर? मग त्या नुसत्या वाचक होतात.”

“हो. तेवढीच होती ती.”

म्हादूअण्णा सरळ माणूस. त्यांनी विचारलं, “मग काय करायचं सांगा की. ठेवायचं का काढायचं?”

मधलं काही नव्हतं. मला पुस्तक न मिटलेली कमळा हवी होती, आणि तशी कमळा त्यांच्या गोष्टीत बसत नव्हती. मी म्हणालो, “काढा.”

त्यांनी पट्टी घेतली, पेन घेतलं आणि तिच्या नावावरून सरळ, नीटस रेघ मारली. चाळीस वर्षं निर्लेखन केलं, पण अशी स्वच्छ रेघ मला कधी जमली नाही. तो परिच्छेद “काही श्रमिक भगिनी मौन झाल्या” एवढ्यावर आला. रजिस्टर मी त्यांना देऊन टाकलं. मल्लाप्पाचं पान उघडून ते काचेखाली ठेवणार आहेत. कमळाचं पान त्याच्यामागे चार पानांवर आहे, पण काचेतून पान उलटता येत नाही.

व्हरांड्यात गंगाक्का पायरीवर बसली होती. आत काय झालं ते तिला कळलं होतं.

“काढलंस व्हय तिला?”

“खोटं लिहिलं होतं, आक्का.”

“माझं तरी कुठं खरं हाय?” ती म्हणाली. “फोटू लागला असता तर मी रोज तिच्याशी चार शब्द बोलले असते. हितं कुणी बोलत न्हाय रं. सकाळपासनं सांजपातुर समदी गप. पाया पडत्यात आणि गप बसत्यात.”

मी पिशवीतली चौकट काढून तिच्या मांडीवर ठेवली. तिने पदराने काच पुसली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. त्या दोघींची गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत भेट नव्हती.

“हिला चष्मा कधी लागला?”

“लागला. चाळिशीनंतर.”

“वाचून वाचून लागला असणार. आणि ही कुणीकडं बघायलीय?”

“खिडकीतून कोणीतरी हाक मारली होती.”

“तुझ्याकडं न्हाय बघत म्हण की,” ती म्हणाली, आणि फोटो भिंतीला टेकवून आपल्याकडे तोंड करून ठेवला. “काय गं कमळे, एवढी म्हातारी झालीस आणि सांगितलं न्हाईस व्हय...”

आतून पांढऱ्या कपड्यातला एक सेवक दारात आला आणि ओठांवर बोट ठेवून उभा राहिला. सभेची वेळ झाली होती. गंगाक्काने त्याच्याकडे पाहिलं, मान डोलावली, आणि बोलणं थांबवलं नाही, आवाज तेवढा उतरवला. माझी बस यायची होती, म्हणून मी उठलो. पुढे ती कमळाला काय सांगत होती ते मला ऐकू आलं नाही.